गठ्ठा

मे महिन्यात भिंतीला हात लावला
तर पहाटे चारलाही कालचं ऊन लागतं हाताला.
अठ्ठावीस दिवसांची रजा, त्यातले अकरा संपले.
अम्मा म्हणते, झोप की, इथं कोण शिट्टी वाजवायलंय तुझ्यासाठी?

अशोक चौकामागं काकाचा कारखाना.
रात्रपाळीचे माग अजून खडखडत असतात.
मल्लेशम काका आता काही विचारत नाही.
पहिल्या दिवशी विचारलं होतं, किती किलोचा बांधू?
एकोणऐंशी.
ऐंशी का नाही?
एकोणऐंशीच.
त्यानं काट्यावरची एक चादर काढली, दोन टॉवेल घातले,
आणि सुतळी आवळली.

माझ्या नायनानं चाळीस वर्षं असेच गठ्ठे वाहिले
टेम्पोपासून गोदामापर्यंत.
त्याला कुणी फिटनेस म्हटलं नाही.
खाटेवर पडल्या पडल्या तो अजून सांगतो,
आधी दम धर, मग गठ्ठा.

पलटणीत उस्ताद म्हणायचे,
तू पळतोस ते तुझ्यासाठी नाही, शेजारच्यासाठी.
आम्ही हसायचो.
शेजारचा पळेल की त्याचा तो.

शेजारचा जानेवारीत घसरला.
लोकेंदर अडुसष्ट किलो, त्याची रायफल, ओले बूट,
कोटावर गोठलेला बर्फ.
बेरीज मी नंतर केली.
चौकी दोन किलोमीटर खाली.
तिसऱ्या वळणावर माझे गुडघे बसले
आणि मी त्याला खाली ठेवलं.
चार मिनिटं.
घड्याळ मीच पाहिलं, पाहायला दुसरं कोण होतं?

त्या वर्षी माझ्या कागदावर 'उत्तम' असा शिक्का आहे.
पाच किलोमीटर, दोर, नऊ फुटांचा खड्डा, सगळ्यात उत्तम.
मैदान सपाट होतं, हवा पोटभर होती.

लोकेंदर जगला.
डाव्या पायाची तीन बोटं गेली.
डॉक्टर म्हणाले, तशीही गेलीच असती.
'बहुतेक' मात्र ते हळू म्हणाले.
तो रोहतकहून मेसेज पाठवतो, हसत:
नवे बूट घेतलेत, पुढं कापूस भरतो,
तुमच्या गावात कापूस स्वस्त असेल ना?
चार मिनिटांचं मी त्याला सांगितलेलं नाही.

अक्कलकोट रोडनं पाण्याच्या टाकीपर्यंत, आणि परत.
गुरुवारी गस्तीची गाडी आडवी आली.
बिराजदार मॅडम, पाटीवर नाव होतं.

काय न्यायलास बे?
चादरी.
कुणाच्या?
काकाच्या.
कुठं?
कुठंच नाही. टाकीपर्यंत, मग परत तिथंच.

त्यांनी ड्रायव्हरकडं पाहिलं.
चादरी पळवणारे त्यांनी बघितले असतील,
परत नेऊन ठेवणारा पहिलाच.

ठेव खाली. मग बोल.
नाही ठेवत, मॅडम.
ठेव म्हणते ना!
विचारा काय ते. असाच सांगतो.

ओळखपत्र वरच्या खिशात, त्यांनाच काढायला लावलं.
टॉर्चच्या उजेडात फोटो, मग माझं तोंड, परत फोटो.
काकाला फोन. काका उचलेना,
मागांच्या खडखडाटात कुठली रिंग ऐकू येतेय.
मांड्या लटपटायला लागल्या,
सुतळी खांद्यात, घाम डोळ्यात.
मी मोजत होतो.
चौथं मिनिट फार लांब असतं.
चव्वेचाळीस डिग्रीच्या गावातही
त्यात बर्फ पडतो.

पाचव्यात त्या म्हणाल्या, जा.
कुठं होतास, काय झालं, काही विचारलं नाही.
गाडी मात्र वळली नाही,
माझ्या मागं उजेड धरून
टाकीपर्यंत पहिल्या गिअरमध्ये येत राहिली.

कारखान्यात काकानं गठ्ठा काट्यावर टाकला.
ऐंशी.
घाम प्यायलाय बघ, काका म्हणाला.
उद्या एक किलो कमी करू?

नको.